वावर न पाहता दिलेलं मत

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात मी पानाच्या पिचकारीला रक्त ठरवून मोकळा झालो होतो. नागपूरच्या सदर भागात दोन दुकानदारांची मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि पोलिसांनी दुसऱ्याचा सदरा पुडक्यात बांधून माझ्यापुढे आणून ठेवला. छातीवर लाल-तपकिरी शिंतोडे. मी चष्मा पुसला, सदरा उजेडात धरला, 'रक्ताचे डाग' असं वळणदार अक्षरात लिहिलं, लाखेचा शिक्का मारला आणि पुडकं सरकारी रसायनतज्ज्ञांकडे रवाना केलं. महिन्याने उत्तर आलं: कात, चुना आणि सुपारी. आमचे सिव्हिल सर्जन इंग्रज साहेब होते आणि एरवी हसत नसत. त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून विचारलं, की नागपूरच्या माणसांच्या अंगात कात वाहतो काय. मागाहून कळलं, मारामारी पानाच्या ठेल्यापुढेच झाली होती, आणि तिथली भिंत, नाली, बाकडं, बाकड्याखालचं कुत्रंसुद्धा त्याच रंगाचं होतं. तिथे जाऊन कुणीही क्षणभर उभं राहिलं असतं तरी समजलं असतं. मी उभा राहिलो नव्हतो. माझी खुर्ची दवाखान्यात होती.

ही गोष्ट आमच्या घरी दर दिवाळीला फराळाच्या ताटांभोवती सांगावी लागते. पोरांना ती पाठ आहे. मी 'चष्मा पुसला' म्हणालो की पुतणे एका सुरात 'सदरा उजेडात धरला' म्हणतात, आणि माझी सौभाग्यवती चकल्यांचा डबा पुढे सरकवते. डॉक्टर माणसाची फजिती ऐकायला सगळ्यांना आवडते, आणि मला सांगायलाही आवडते, हे कबूल करतो.

दुसरी एक गोष्ट मात्र मी कधी सांगत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी यंदा 'आपल्या धंद्यातलं काही लिहा' म्हणून लकडा लावला, तेव्हा आधी पानाचीच लिहायला घेतली होती. तीन ओळी झाल्या आणि हात दुसरीकडेच वळला. समोर ताट घेऊन कुणी बसलेलं नसलं की माणसाला लिहिता येतं.

आधी माझा धंदा सांगतो. गावात कुणी संशयास्पद मेला की पोलीस पंचनामा करतात आणि प्रेत गाडीत घालून आमच्याकडे पाठवतात. दवाखान्याच्या मागे, चिंचेखाली, पत्र्याची एक खोली होती. लोक तिला मुडदाघर म्हणत. तिथे मी प्रेत उघडून पाहायचं, मृत्यू कशाने आला ते लिहायचं आणि कोर्टात बोलावणं आलं की काळा कोट चढवून तेच पुन्हा सांगायचं. बंदुकीच्या केसेस वर्षाकाठी थोड्याच येत, पण त्यात डॉक्टरच्या शब्दाला फार वजन. कारण जखम बोलते. आमच्या भागात बहुतेक ठासणीच्या बंदुका, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्यावर दिलेल्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्यांचा बोळा ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा. मागे घोड्याखाली एक तांब्याची टोपी. घोडा टोपीवर आपटला की बार उडतो. असा बार अगदी जवळून लागला तर कातडी भाजते, भोवती काजळी धरते, दारूचे न जळलेले कण रव्यासारखे रुततात. जरा लांबून लागला तर काजळी नाही, पण छर्रे एकत्रच शिरतात आणि रुपयाएवढं एकच भोक पडतं. आणखी लांबून लागला तर छर्रे परातीएवढे फाकतात. म्हणजे जखम पाहून डॉक्टर सांगू शकतो, बंदूक किती हातांवर होती. हे शास्त्र खरं आहे. आजही खरं आहे. खोटा पडलो तो मी.

आणि हे शास्त्र मला फार चांगलं येतं असा माझा लौकिक होता. एका रानराख्याच्या खुनाच्या केसमध्ये (रामटेककडच्या जंगलात तो मेलेला सापडला होता) मी छातीवर काजळी नाही एवढ्यावरून 'बंदूक निदान तीन हात दूर होती, हा अपघात नव्हे' असं ठाम सांगितलं. वकिलाने मला दोन तास पिळलं, मी तसूभरही हललो नाही. जज्जसाहेबांनी निकालात माझ्या साक्षीबद्दल दोन चांगली वाक्यं लिहिली. आरोपीला फाशी झाली. ती दोन वाक्यं मी उतरवून घरी आणली, तेव्हा आमच्याकडे पुरण घातलं होतं. मी चार पोळ्या खाल्ल्या. हे आत्ताच सांगून ठेवतो.

त्यानंतर दोन वर्षांनी, मार्गशीर्षात, लटारूचं प्रेत आलं.

लटारू हा बुटीबोरीच्या पलीकडचा, पाच कोसांवरच्या एका गावचा शेतकरी. वय पस्तिशीचं. दिवेलागणीच्या सुमाराला ज्वारीच्या वावरात, मचाणावर रखवालीला गेला आणि तिथे लागलेल्या गोळीने मेला. त्याच्या बायकोचा भाऊ, डोमा त्याचं नाव, त्यांच्याकडेच राहून शेती करायचा. त्या दुपारी विहिरीवर दोघांचं बैलावरून कडाक्याचं भांडण झालेलं साऱ्या गावाने ऐकलं होतं. बंदुकीचा आवाज ऐकून लोक धावले तर मचाणाखाली बंदूक पडलेली आणि तिच्यापाशी डोमा उभा. लोकांनी त्याला तिथेच धरलं आणि पुढे पोलिसांच्या हवाली केलं. तो तोंडातून शब्द काढत नव्हता. नुसता रडत होता.

जखम डाव्या बरगडीच्या चार बोटं खाली. एकच भोक, रुपयाएवढं. कडा स्वच्छ. काजळी नाही, भाजलेलं नाही, रवा नाही. छर्रे खालून वर, डाव्या खांद्याच्या दिशेने गेलेले. आत चिंध्यांचा बोळा आणि थोडे काळे धागे मिळाले, ते मी बाटलीत सीलबंद केले. पंचनाम्यात लिहिलं होतं: मयत मचाणावर बसला असता. मचाण सात हात उंच. मी कागदावर एक मचाण काढलं, वर एक माणूस, खाली एक माणूस बंदूक वर केलेला. सगळं इतकं नेमकं जुळलं की मला बरं वाटलं. मी लिहिलं: 'मचाणाखाली उभ्या असलेल्या इसमाने तीन ते पाच हातांवरून वर झाडलेली गोळी.' ठाणेदार स्वतः कागद न्यायला आले होते. वाचून म्हणाले, आता डोमा काही सुटत नाही. मी हात धुतले आणि जेवायला गेलो.

आठवड्याने एका सकाळी आमच्या ओसरीवर एक बाई येऊन बसली. कपाळ पांढरं, पायांना धूळ. लटारूची बायको सगुणा. पायी बुटीबोरीपर्यंत आणि पुढे आगगाडीने आली होती. मी तिला सांगितलं, बाई, मी सरकारी साक्षीदार, मला तुझ्याशी बोलता येत नाही. ती म्हणाली, तुम्ही नका बोलू, मी बोलते. माझ्या बायकोने आतून पाण्याचा तांब्या आणला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ती अशी उभी राहिली की मला ओसरीवरून उठता येत नाही.

"माह्या भावानं मारलं, असं तुमी लिवून देल्लं," सगुणा म्हणाली.

"कुणी मारलं ते मी लिहीत नाही. गोळी कुठून लागली, एवढंच लिहितो."

"कुठून लागली?"

"खालून."

"तुमी वावर पायलं काय?"

"नाही."

"मचाण तं पायलं असन."

"नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. खुळ्याकडे पाहावं तसं पाहत होती.

"मंग खाल कुठी हाये, हे तुमाले कोनं सांगतलं?"

 मी छत्री घेऊन दवाखान्यात निघून गेलो. छत्री मी बाराही महिने बाळगतो. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात पाऊस आणि हिवाळ्यात कुत्री. संध्याकाळी परत आलो तेव्हा सगुणा जेवून गेली होती आणि घरात कुणी माझ्याशी फारसं बोलत नव्हतं. ताट वाढताना बायको एवढंच म्हणाली, की त्या बाईचा नवरा गेला, आता भाऊ फासावर जाईल. वावर पाहायला गेलात तर तुमचा एक रविवार जाईल. बैलांच्या दमणीतून पडलात तर पडलात.

त्या वेळी डॉक्टरने जागेवर जायची पद्धतच नव्हती. मी ठाणेदारांना विचारलं तर ते पोट धरून हसले. "डाक्टर," ते म्हणाले, "मुडदा तुमच्याकडं येते. तुमी मुडद्याच्या घरी काहून जाऊन राहिले गा?" पण माणूस मनाचा वाईट नव्हता. एक शिपाई बरोबर दिला. आता लपवत नाही: मी गेलो ते न्यायासाठी कमी आणि घरातल्या अबोल्यापायी जास्त. शिवाय ज्वारी हुरड्यात आली होती. बुटीबोरीला उतरून बैलांच्या दमणीत बसलो तेव्हा माझ्या मनात हुरडा, तिळाची चटणी आणि ताक होतं. गुडघ्यांवर घ्यायला बायकोने नवा लोकरी रग दिला होता.

गावात पोचल्यावर पहिला धक्का बसला. पंचनामा वावरात झालाच नव्हता. आमच्याकडे अधांतरी मरण वाईट समजतात. माणूस खाटेवरसुद्धा मरू नये, भुईवर घ्यावा. लटारूत धुगधुगी होती म्हणून लोकांनी त्याला झटपट मचाणावरून उतरवून घरी आणलं, सारवलेल्या जमिनीवर निजवलं, तोंडात पाणी घातलं. पोलीस दुसऱ्या दिवशी आले ते घरी आले. ओसरीवर बसून पंचनामा लिहिला. मचाणाची उंची कुणीतरी हात वर करून दाखवली. 'बसला असता' हे शब्द कुणाचे, हे कुणालाच आठवेना. ते मी कोर्टात शपथेवर सांगणार होतो.

वावर गावापासून कोसभर. सगुणा आमच्यापासून अंतर राखून धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, चालत होती. मचाण पंचनाम्यातलं सात हात नव्हतंच, जेमतेम चार हात उंच: चार सागाच्या बल्ल्या रोवलेल्या, वर फळ्यांसारखी आडवी लाकडं, आणि त्यांवर तुरीच्या वाळक्या तुराट्यांचं विणलेलं जाड तट्ट अंथरलेलं. एका बाजूला शिडी, म्हणजे एक बाभळीचं खोड, फांद्या छाटून त्यांचे खुंट पायऱ्यांसारखे ठेवलेले. मी वर चढलो. कसा चढलो ते शिपायाला विचारा. त्याने मला मागून जो आधार दिला तो सरकारी नोकराला शोभणारा नव्हता.

वर बसून मी तट्ट पाहिलं. मग हाताने चाचपलं. मग उचलून पाहिलं. त्याला कुठेही भोक नव्हतं. एकही तुराटी तुटलेली नव्हती. माझ्या कागदावरच्या चित्रात खालचा माणूस वरच्या बसलेल्या माणसाला गोळी घालत होता आणि गोळी मध्ये काही नसल्यासारखी जात होती. कारण तट्ट मी काढलंच नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. छत्री खाली राहिली होती. काळ्या मातीत टोक रुततं म्हणून मी ती उलटी, मूठ खाली करून शिडीला टेकवली होती. शिपाई चिलमीत गुंग होता, त्याला कशाला उठवा म्हणून मी स्वतःच कडेला पोटावर वाकलो, खाली हात घातला, टोकाला धरून छत्री वर ओढली. मध्ये ती अडली. वाकडी मूठ एका खुंटात अडकली होती. मी हिसका दिला. मूठ सुटली आणि छत्रीचं टोक येऊन माझ्या डाव्या बरगडीखाली असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

खाली शिपाई खो-खो हसला. मीही हसणार होतो. हात आपोआप दुखऱ्या जागेवर गेला, बोटांनी बरगडी चाचपली आणि सवयीने अंतर मोजलं. चार बोटं खाली.

मी तसाच वाकलेला राहिलो.  ज्वारीवर पाखरं बसत होती, उठत होती.    छत्रीचं टोक माझ्याकडे होतं. दिशा खालून वर होती. आणि खाली ती धरून कुणीही उभं नव्हतं.

शिपायाला वाटलं मला चक्कर आली. तो वर येऊ लागला तर मी ओरडलो, शिडीला हात लावू नको. मग एकेक खुंट पाहत उतरलो. ज्या खुंटात छत्रीची मूठ अडकली होती त्याच्या फाटक्या कडेला काळ्या लोकरीचे दोन-तीन धागे गुंतलेले होते.

काळे धागे. जखमेतून काढून मी ते स्वतः बाटलीत घातले होते. अहवालात लिहिलं होतं 'कपड्याचे धागे'. आणि त्याच अहवालात, तीन ओळी वर, माझ्याच अक्षरात: मयताच्या अंगावर सुती बंडी व धोतर, दोन्ही पांढरी. शाळेतल्या पोराने पाहिलं असतं. मी पाहिलं नव्हतं, कारण चित्र आधीच जुळलं होतं.

धुऱ्यावर उभ्या असलेल्या सगुणाला मी विचारलं, लटारूपाशी घोंगडी होती काय. मी हे आजवर विचारलं नव्हतं, याचंच तिला नवल वाटलं.

"दव पडते ना साहेब. टोपी भिजली का बार उडत नाही. घरूनच बंदूक लेकरावानी गुंडाळून आने. नळीच्या तोंडावर घोंगडीची घडी दाबे."

"आणि मचाणावर कशी न्यायचा?"

"थो वर चढे, अन् डोमा खालून देये. दस्ता वर करून. रोजचंच होतं थे. त्या दिसी भांडले ना. डोमा बैलाकडं निंघून गेला."

म्हणजे त्या दिवशी बंदूक वर द्यायला कुणी नव्हतं. लटारूने ती गुंडाळलेली तशीच, लाकडी दस्ता खाली ठेवून शिडीला टेकवली, वर चढला, कडेला वाकला आणि नळीला धरून ओढली. सैल गुंडाळीतून घोड्याचा कान, म्हणजे अंगठ्याने मागे ओढायचं त्याचं टोक, बाहेर असणार. तो खुंटात अडला, हिसक्याने उचलला गेला आणि सुटला. घोंगडीच्या घडीतून बार गेला. काजळी, जाळ, रवा, जे जे मी कातडीवर शोधत होतो ते सगळं घोंगडीने पिऊन टाकलं. मग घोंगडी आणि बंदूक खाली पडली. बार ऐकून धावत आलेल्या डोमाला ती दिसली.

"घोंगडी कुठे आहे?"

"मेल्या मानसाचं पांघरून घरात ठेवते काय? कोतवालाले देल्लं."

रिवाजच तो. मयताचं अंथरूण-पांघरूण गावच्या कोतवालाकडे, म्हणजे पाटलाच्या हाताखालच्या चाकराकडे, जातं. पोलिसांना ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, माझ्या घरी माणूस गेलं तेव्हा आम्हीही दिलं होतं. पण पुरावा म्हणून त्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

कोतवाल म्हातारा, अंगाने काडी. आम्ही दारात दिसताच घोंगडी अंगाभोवती आवळून उभा राहिला. "साहेब, मी चोरली नाही. साऱ्या गावापुढं देल्ली मले." त्याला समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी त्याच्या बायकोने घोंगडी जमिनीवर पसरली. तिच्यावर लाल लुगड्याच्या तुकड्यांची तीन ठिगळं होती, एक इथे, एक तिथे, एक टोकाला. मी घडी घालायला सांगितली, नळीवर घालत तशी. घडी पडली आणि तिन्ही ठिगळं एकावर एक येऊन बसली.

म्हातारीने सुईने टाके उसवले. पहिल्या ठिगळाखालची लोकर जळून कडक झाली होती आणि भोवती काजळीचं वर्तुळ होतं, पुस्तकात असतं तसं. घोंगडीला अजून करपट वास येत होता.  शिपायाने चिलीम विझवली. 

घोंगडी जप्त करायची म्हटल्यावर म्हातारा काकुळतीला आला. मार्गशीर्षातली थंडी, त्याच्याजवळ दुसरं पांघरूण नव्हतं. मी दमणीतला रग आणून त्याच्या खांद्यावर टाकला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, हा कोणाचा मेलेल्याचा? मी म्हटलं, अजून कुणाचा नाही.

पाटलाने पाहुणा म्हणून हुरडा पाठवला होता, गरम, चटणीसकट. एक घास तोंडात घातला. बाकीचा शिपायाला दिला.

नागपूरला येऊन मी पुरवणी अहवाल लिहिला. घोंगडी आणि खुंटावरचे धागे रसायनतज्ज्ञांकडे गेले, जखमेतल्या धाग्यांशी ताडून पाहायला. या खेपेला उत्तरात कात-चुना नव्हता; लोकर तीच होती. ठाणेदारांनी कपाळावर हात मारला, पण खटला कोर्टात गेलाच. सेशन कोर्टात जज्जसाहेबांच्या बाजूला सल्ला द्यायला बसवलेले चार असेसर, समोर पिंजऱ्यात डोमा, आणि माझ्या हातात माझेच दोन कागद, एकमेकांच्या उलट. सरकारी वकील आजवर माझ्या बाजूचे असत. त्या दिवशी ते माझ्यावर घसरले. विचारलं, पहिलं मत कुणाचं? मी म्हटलं, माझं. दुसरं? तेही माझं. मग ते असेसरांकडे वळून म्हणाले:

"डॉक्टरसाहेब उद्या आणखी एखादं मचाण चढले तर मत पुन्हा बदलेल काय?"

कोर्टात हशा पिकला. पानाच्या गोष्टीवर घरी पिकतो तसाच.

"बदलेल," मी म्हणालो. "पहिलं मत मी न चढता दिलं होतं."

हसू थांबलं. जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवून मला तट्ट, खुंट, घडी, सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी कोर्टात छत्री उलटी धरून दाखवली. लाज वाटायची वेळ निघून गेली होती. चारही असेसर 'निर्दोष' म्हणाले, जज्जसाहेबांनी तेच लिहिलं. या वेळी माझ्याबद्दल दोन वाक्यं नव्हती, एक होतं, आणि ते मी उतरवून घेतलं नाही.

बाहेर वडाखाली सगुणा भावाला घेऊन उभी होती. मला वाटलं, पाया-बिया पडतील, तर काय बोलावं याची मी मनात जुळवाजुळव केली होती. डोमा पाया पडला नाही. चार महिन्यांत तो पहिल्यांदा माझ्यापुढे बोलला. म्हणाला, "मी त्या दिसी बंदूक वर देल्ली असती तं झालं असतं, साहेब." मग बहिणीच्या मागे चालू लागला. मला कळलं की हा माणूस गप्प का होता. पोलिसांच्या आधी त्याने स्वतःच स्वतःचा निकाल लावून टाकला होता, आणि तो फिरवायला माझ्याकडे कुठलाही कागद नव्हता.

पुढे मी सिव्हिल सर्जन साहेबांकडे हट्ट धरून परवानगी घेतली. बंदुकीची केस असेल तर डॉक्टर जागेवर जाईल, आणि प्रेत हलवलं असेल तर ते कुठून, कुणी, कसं, अंगावर काय होतं, ते कुठे गेलं, हे विचारेल. कधी बैलगाडी, कधी पाय. माझ्या बरोबरीचे डॉक्टर हसत, याला वावरात हुरडा लागतो म्हणत. दर वेळी काही चमत्कार होत नाही. बहुतेक वेळा पोलिसांचंच खरं निघतं. पण भिंतीला छर्रा कुठे बसला, दार आत उघडतं की बाहेर, माणूस उभा राहिला तर डोकं वाशाला लागतं काय, हे टेबलावरचं प्रेत सांगत नाही. प्रेत फक्त आपल्यापुरतं खरं बोलतं. नव्या पोरांना मी हेच सांगतो. ती माना डोलावतात आणि चष्मा पुसतात.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो. मुलं निजायला गेली होती. बायकोने ताट वाढलं. रग कुठे गेला हे तिने इतके महिने विचारलं नव्हतं. त्या दिवशी मीच सांगितलं, आणि मग छत्री, खुंट, ठिगळं, डोमाचं वाक्य, सगळं सांगितलं. एरवी ती मधेमधे हसते, माझी चूक काढते. त्या दिवशी नुसती ऐकत होती. मी हात धुऊन आलो, पान लावायला घेतलं, आणि म्हटलं, चला, एक जीव वाचला.

ती उष्टी ताटं उचलत होती. ताटं हातात तशीच धरून ती माझ्याकडे वळली.

"त्या रानराख्याच्या वेळी मी पुरण घातलं होतं," ती म्हणाली. "तो मेला तेव्हाही थंडीच होती. त्याचं पांघरूण कुणाकडे गेलं, ते विचारलं होतंत का हो?"